शिरेल, सिरियल की मालिका?

अमळनेरकर:
मंडळी, एक शब्द डोक्यातून जात नाहीये. भाचीच्या निबंधात बाईंनी 'सिरियल' शब्दाला लाल गोल केला आणि वर 'मालिका' लिहिलं. पण हे दोन्ही खरंच एक आहेत का? माझ्या आजीचा तर तिसराच शब्द होता, शिरेल. संध्याकाळी भाकरी थापता थापता चुलीपासून आवाज द्यायची, "शिरेल लागनी का व?" आता बघा, शिरेल लागते, जसा रेडिओ लागतो, टॉकीजला पिक्चर लागतो. मालिका लागत नाही, ती 'प्रसारित होते', आणि संपली की पेपरात 'प्रेक्षकांचा निरोप घेते'. शिरेल सरळ बंद पडते. मालिका म्हणजे मुळात छोटी माळ, लेखमाला-व्याख्यानमालेच्या घरातला शब्द, सुंदर आहे, वादच नाही, पण आमच्या गल्लीत तो तोंडात आलाच नाही कधी.

धुळेकर:
पटलं भो. पण इंग्रजीत 'सोप' का म्हणतात? साबणाचा काय संबंध?

अमळनेरकर:
संबंध साबणाचाच आहे. अमेरिकेत १९३०च्या दशकात दिवसा रेडिओवर घरच्या बायांसाठी रोज थोडी थोडी गोष्ट लागायची आणि पैसे द्यायच्या साबणाच्या कंपन्या, प्रॉक्टर अँड गॅम्बल त्यातली मोठी, म्हणून नाव पडलं सोप ऑपेरा. मेक्सिकोवाले टेलिनोव्हेला म्हणतात, टीव्हीवरची कादंबरी, आणि कादंबरीसारखी ती काही महिन्यात संपते पण. म्हणजे एकाने पैसे देणाऱ्यावरून नाव ठेवलं, दुसऱ्याने पुस्तकावरून, आपण माळेवरून. आपल्याकडे हे आलं मेक्सिकोच्या वाटेने. तिथे मालिकांमधून साक्षरता, कुटुंबनियोजन लोकांपर्यंत नेलं होतं, ते बघून दूरदर्शनने ७ जुलै १९८४ला 'हम लोग' सुरू केली. भाग संपला की अशोक कुमार येऊन चार शब्द बोलायचे. आजीला निम्मं हिंदी कळायचं नाही, पण ते आले की ती डोक्यावर पदर घ्यायची, मोठं माणूस बोलतंय म्हणून.

चोपड्याची ताई:
दादा, मेलोड्रामाला मराठीत काय म्हणायचं? रडारड म्हणतात ते मला नाही आवडत.

अमळनेरकर:
ताई, मलाही नाही आवडत. कोशात 'अतिनाट्य' सापडेल, पण मूळ ग्रीक 'मेलॉस' म्हणजे गाणं, गाण्यासोबतचं नाटक ते मेलोड्रामा. सून दारात उभी, ढॅण ढॅण ढॅण वाजतं आणि तीन वेळा तिचा चेहरा दाखवतात, ते त्या शब्दाला धरूनच आहे. आणि श्रावणात आपल्या खान्देशात कानबाई देवी बसवतात, सोमवारी तिला नदीवर नेताना गाणी सुरू झाली की बाया डोळे पुसतात, त्याला आपण रडारड म्हणतो का? नाही ना.

चोपड्याची ताई:
खरंय. आमच्याकडे शिरेलमधले शब्द आता घरात फिरतात. कोणी गोष्ट लांबवली की 'पाणी घालू नको', माहेरी पुष्कळ दिवसांनी गेलं की 'लीप घेतला वाटतं', शिरेल एकदम काही वर्षं पुढे उडी मारते ना, तसं. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, ३०००च्या वर भाग, ती सुरू झाली तेव्हा मी नवीन सून होते. माझी सासू तिच्या सासूला आत्याबाई म्हणायची, मी 'अहो आई' म्हणायला लागले, ते तिथूनच उचललं.

अमळनेरकर:
ही मोठी गोष्ट सांगितलीत ताई. एक वापर माझाही नोंदवून ठेवतो, 'शिरेल सांगणे'. उन्हाळ्यात लोडशेडिंगमध्ये लाइट जायची आणि नेमका मोठा भाग बुडायचा. मग सकाळी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, टाकायला बाया जमल्या की, घाटा, म्हणजे शिजवलेलं गरम पीठ, हाताला चटके देतोय, एकीकडे ओल्या कापडावर बिबडा फिरतोय, आणि जिच्याकडे लाइट होती तिला सगळ्या म्हणायच्या, "शिरेल सांग ना व." ती पार आवाज बदलून, सासूची सासू आणि सुनेची सून होऊन सांगायची, बाकीच्यांचे हात थांबायचे. 'मालिका सांग' असं मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही.