टॉम अँड जेरी: दोन कार्टून्ससाठी संग्रहाचा अख्खा भाग गेला. बरं झालं की वाईट?

चकतीबहाद्दर

हॅना आणि बार्बेरा या जोडीने एमजीएम या अमेरिकी सिनेकंपनीसाठी १९४० ते १९५८ या काळात टॉम अँड जेरीची ११४ कार्टून्स केली. थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायची, सहा-सात मिनिटांची. २०११ मध्ये वॉर्नर कंपनीने त्यातली पहिली ३७ ‘गोल्डन कलेक्शन’ या नावाने ब्लू-रे डिस्कवर आणली. ओळीने, एकही न गाळता. दुसरा भाग २०१३ मध्ये यायचा होता. यादी जाहीर झाली आणि कळलं की ‘माउस क्लीनिंग’ (१९४८) आणि ‘कॅसानोव्हा कॅट’ (१९५१) त्यात नाहीत. संग्राहकांनी रान उठवलं आणि तो भाग बाजारात आलाच नाही.

माझं मत: बरं झालं. गाळीव संग्रह घेण्यापेक्षा न घेतलेला परवडला.

गाळलं काय, तेही सांगतो. ‘माउस क्लीनिंग’मध्ये घरातल्या कृष्णवर्णीय मोलकरीणबाई टॉमला दम देऊन बाहेर जातात, की परत येईपर्यंत एक डाग दिसता कामा नये. जेरी अर्थातच घराचा उकिरडा करतो. शेवटी घरभर कोळशाचा लोंढा येतो आणि त्यातून टॉम काळ्याकुट्ट तोंडाने बाहेर पडतो. बाई विचारतात, मांजर दिसलं का? तो त्या काळच्या अमेरिकी सिनेमातल्या विनोदी कृष्णवर्णीय नोकरासारखं रेंगाळत बोलतो, ‘नाही बाईसाहेब.’ ‘कॅसानोव्हा कॅट’मध्ये टॉम सिगारच्या धुराने जेरीचं तोंड काळं करून त्याला तापलेल्या झाकणावर नाचवतो. दोन्ही प्रसंग ओंगळ आहेत, वाद नाही. पण पैसे मोजून संग्रह घेणारा माणूस सज्ञान असतो. त्याला काय दाखवायचं ते कंपनीने का ठरवावं?

शेंगदाणा

अहो, कंपनी म्हणजे काय भारत इतिहास संशोधक मंडळ आहे का? तिला डिस्क विकायच्या आहेत. डब्यावर मांजर-उंदीर बघून आई-बाबा उचलतात आणि पोरांसमोर लावून मोकळे होतात. ‘सज्ञान संग्राहक’ असतील मूठभर.

आणि तुमच्या हट्टाने मिळालं काय? ती दोन तर नाहीच, वर बाकीचीही गेली. स्कॉट ब्रॅडलीचं संगीत स्वच्छ आवाजात ऐकायला मी तेव्हा डोळे लावून बसलो होतो. टॉम जिना चढतो तेव्हा प्रत्येक पायरीला वेगळं वाद्य, आपटला की अख्खा वाद्यवृंद त्याच्याबरोबर आपटतो. ते सगळं तुम्ही लोकांनी तत्त्वासाठी घालवलंत. धन्य आहे.

हडसनकाठी

मी न्यू जर्सीत राहते, मुलगी तिसरीत आहे. तिच्या वर्गात कृष्णवर्णीय मुलं आहेत, आमच्याकडे खेळायला येतात. त्यांच्यासमोर हे अचानक पडद्यावर आलं तर मी काय सांगायचं? ‘थांबा मुलांनो, हा इतिहास आहे’?

आपण भारतात १९९५ नंतर कार्टून नेटवर्कवर हे पाहिलं तेव्हा त्या बाईंचे फक्त पाय, झगा आणि झाडू दिसायचा. आपल्यासाठी त्या ‘टॉमच्या मालकीणबाई’ होत्या. इथे ज्यांच्या आजीने लोकांच्या घरी असं काम केलंय, त्यांना ते पाय बघून काय वाटतं हे आपल्याला पुण्या-ठाण्यात बसून कळणार नाही. कृष्णवर्णीयांच्या संघटनेने या पात्रावर तेव्हाच आक्षेप घेतला होता आणि १९५२ नंतर बाई गायबच झाल्या. म्हणजे ‘त्या काळी कुणाला खटकत नव्हतं’ हेही खरं नाही.

चकतीबहाद्दर

@हडसनकाठी, शेवटचा मुद्दा मी स्वतः वापरणार होतो! आक्षेप तेव्हाही होता हे लोकांना कळणार कसं, मूळ कार्टूनच दिसलं नाही तर?

आणि ‘अचानक’ कशाला येऊ द्यायचं? डिस्नेने यावर तोडगा काढला होता. त्यांच्या ‘ट्रेझर्स’ मालिकेच्या चंदेरी पत्र्याच्या डब्यांमध्ये वादग्रस्त कार्टून्स मेन्यूत वेगळ्या कप्प्यात असायची आणि आधी लिओनार्ड मॉल्टिन हे समीक्षक येऊन संदर्भ सांगायचे. वॉर्नरने स्वतः ‘लूनी ट्यून्स’च्या तिसऱ्या संग्रहात (२००५) व्हूपी गोल्डबर्ग या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला बसवलं होतं. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की हे चित्रण तेव्हाही चूक होतं, आजही चूक आहे, पण दडवलं तर असा पूर्वग्रह कधी नव्हताच असं म्हटल्यासारखं होईल. ‘टॉम अँड जेरी’च्या डीव्हीडीवरही ती होती. मग २०१३ मध्येच धीर कुठे गेला?

मूळपुरुष

दोन्ही बाजूंना एक विचारतो. ‘मूळ’ कुठलं धरताय?

एमजीएमने ही कार्टून्स पुन्हा थिएटरात लावताना सुरुवातीच्या पाट्या बदलल्या. कित्येकांच्या पहिल्या पाट्या आता मिळतच नाहीत. साठच्या दशकात टीव्हीसाठी काही कार्टून्समधल्या बाई पुसून तिथे गोऱ्या मोलकरणीचे पाय काढले, आवाजही बदलला. लिलियन रँडॉल्फ ही मूळ आवाजाची कृष्णवर्णीय अभिनेत्री. नव्वदच्या दशकात तिच्या जागी परत तिसराच आवाज. पुढे कोठाराला आग लागून बऱ्याच जुन्या निगेटिव्ह जळाल्या, तेव्हा पुढचं काम दुय्यम प्रतींवरून.

त्यात संगणकाने साफसफाई. जुन्या कार्टून्सच्या डीव्हीडींवर हा रोग फार. पडद्यावरचे ओरखडे काढणारं सॉफ्टवेअर शाईच्या रेघेलाच ओरखडा समजतं. पात्र जोरात पळालं की मिशीची टोकं, बोटांच्या कडा विरून जातात. फ्रेम थांबवून बघा, अर्धा पंजा फिकट. दोन कार्टून्ससाठी तुम्ही रान उठवता आणि बाकीच्यांची अशी झीज निमूट चालवून घेता.

शेंगदाणा

सहमत. म्हणून म्हणतो, जे मिळतंय ते घ्या.

चकतीबहाद्दर

नाही हो. आग हा अपघात. मिशी गेली तो हलगर्जीपणा. वगळणं हा निर्णय आहे, तोही ग्राहकाच्या माथी मारलेला. तिन्ही एका तागडीत नका घालू.

काडेपेटी

कात्री एकदा हातात आली की कुठे थांबते ते बघा. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये एका प्रेक्षकाने तक्रार केली की पात्रं धूम्रपान करतात. कार्टून्स होती ‘टेक्सस टॉम’ आणि ‘टेनिस चम्प्स’. वाहिनी चालवणाऱ्या कंपनीने जुना साठा तपासून धूम्रपान आकर्षक वाटेल असे प्रसंग कापायचं कबूल केलं. ‘टेक्सस टॉम’मध्ये तो एका हाताने सिगारेट वळून मांजरीवर छाप पाडतो, ती सगळी मजा गेली. त्याच कार्टून्समधले सुरुंग, इस्त्री, तव्याचे फटके मात्र सुरक्षित!

हडसनकाठी

सिगारेट आणि हे एक नाही. सिगारेट ओढणारा माणूस ती सोडू शकतो. कातडी सोडता येत नाही.

कापू नका, मलाही कापाकापी आवडत नाही. कापलेलं कार्टून बघणाऱ्याला काही गेलंय हेच कळत नाही, ते जास्त वाईट. पण संपूर्ण संग्रह काढायचा तर डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा ‘प्रौढ संग्राहकांसाठी’ आणि दुकानात खेळण्यांशेजारी ठेवू नका. मुलांसाठी निवडक वेगळे काढा. मॉल्टिनसाहेबांचं भाषण सात वर्षांचं मूल ऐकत नाही, बटण दाबून पुढे जातं.

चकतीबहाद्दर

पुढे जाता येऊ नये अशीही सोय करता येते. पण डब्याचं मान्य. तेवढं लिहिलं असतं तर २०१३ चा तमाशाच झाला नसता.

शेंगदाणा

‘प्रौढांसाठी टॉम अँड जेरी’ किती खपेल, सांगा. मी विकत घेईन, तुम्ही घ्याल, मूळपुरुष फ्रेम थांबवायला घेतील. चौथं गिऱ्हाईक दाखवा.

काडेपेटी

चौथा मी. फक्त एक शंका. अमेरिकेतून मागवलेली डिस्क इथल्या प्लेअरवर चालते का?

मूळपुरुष

डीव्हीडी असेल तर अमेरिका रीजन (डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल त्याची खूण) १, आपण ५. ब्लू-रेला अमेरिका ए, आपण सी. बऱ्याच ब्लू-रेला कुलूप नसतं, पण डब्याच्या मागचं चिन्ह बघितल्याशिवाय पैसे भरू नका.