ड्राफ्टमध्ये तळ्यात-मळ्यात किती वेळ करायचं?

कर्ववाला
विषय 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळातल्या बूस्टर ड्राफ्टचा: मेजाभोवती बसून प्रत्येकाने बंद पॅक उघडायचा, एक पत्ता उचलायचा (हेच 'पिक'), उरलेले शेजाऱ्याला द्यायचे आणि जमलेल्या पत्त्यांतून डेक बांधून खेळायचं. पत्ते पाच रंगांचे, डेक बहुधा दोन रंगांचा. हल्ली जो उठतो तो नवख्यांना सांगतो, 'ओपन राहा, रंग लवकर ठरवू नका.' मुरलेल्या खेळाडूंना हे जमत असेल, नवख्यांचं मात्र यात वाटोळं होतं. ४० पत्त्यांच्या डेकात साधारण १७ लँड (बाकीचे पत्ते खेळायला लागणारी ऊर्जा, म्हणजे मॅना, देणारे पत्ते) आणि २३ कामाचे पत्ते लागतात. ओपन राहिलेला नवखा दुसऱ्या पॅकच्या मध्यावर पोचतो तेव्हा त्याच्याकडे चार रंगांतले देखणे पत्ते असतात आणि डेक नसतो. मग तिसऱ्या पॅकात दोन मॅनाची क्रीचर (लढणारे पत्ते) शोधत फिरायचं. माझं म्हणणं, पहिल्या पाच-सहा पिकांत दोन रंग धरा आणि त्यानंतर फक्त कर्व (किती मॅनाचे किती पत्ते जमलेत ते) बघा. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या टर्नला काहीतरी मांडणारा साधा डेक भारी पत्त्यांच्या विस्कळीत डेकाला नेहमीच त्रास देतो.

नववं पिक
साफ असहमत. हिशेब तुम्हीच मांडलात, पण अर्धाच. १५ पत्त्यांचे तीन पॅक म्हणजे ४५ पिकं. (२०२४ पासूनच्या प्ले बूस्टरांत १४ पत्ते, म्हणजे ४२.) त्यातले लागतात २३. निम्मे पत्ते तसेही बाकावर बसणार आहेत, मग सुरुवातीचे चार-पाच वाया गेले तर बिघडलं कुठे?

मुळात तुमचा रंग तुम्ही ठरवत नाही, उजवीकडचे लोक ठरवतात. पहिला पॅक डावीकडे फिरतो, दुसरा उजवीकडे, तिसरा परत डावीकडे. म्हणजे उजवीकडच्याने पहिल्या पॅकात जो रंग सोडला, तोच तिसऱ्यातही तुमच्याकडे वाहत येणार. तुम्ही पहिल्या पिकाला लाल रेअर उचलून त्यालाच चिकटलात आणि तोही लालच निघाला, तर दोन पॅक कोरडे. उलट सहाव्या पिकाला उत्तम काळं रिमूव्हल (समोरच्याची क्रीचर काढून टाकणारा पत्ता) आलं, तर तुमच्या आधीच्या पाचही जणांनी ते सोडलेलं असतं. अजून काय सांगायला हवं?

कर्ववाला
त्या पाच जणांनी काय उचललं हे दिसतं का तुम्हाला? त्यात त्याहून भारी दोन काळे पत्ते गेले असतील. एका पत्त्यावरून 'काळा मोकळा आहे' म्हणणं म्हणजे शुद्ध भविष्यकथन.

नववं पिक
एका पत्त्यावरून कोण म्हणतंय? म्हणून तर नवव्या पिकाची वाट बघायची (नाव उगाच नाही घेतलं). आठ जणांच्या मेजावर तुम्ही उघडलेला पॅक तिथे परत येतो. आधी काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे, आता काय गेलं ते दिसतं. तीन बरे हिरवे पत्ते होते आणि तिन्ही परत आले, तर तो पुरावाच.

कर्ववाला
आणि तोवर पहिला पॅक निम्म्याहून जास्त संपला. पुरावा हाती येईपर्यंत दोन मॅनाची क्रीचर दुसऱ्यांनी नेलेली असतात.

बाकावरचा
दोघेही एक गोष्ट विसरताय, तुम्ही पुढे काय पाठवताय. दुसऱ्या पॅकात डावीकडचा शेजारी तुम्हाला पुरवठा करतो. पहिल्या पॅकात कधी निळा, कधी पांढरा, कधी लाल असं उचलत बसलात तर चांगले पत्ते त्याच्याकडे जातात, तो त्या रंगांत शिरतो आणि दुसऱ्या पॅकात तेच रंग तुमच्यासाठी आटतात. ओपन राहण्याची ही किंमत कोणी मोजतच नाही. एवढ्यापुरतं कर्ववाल्यांना +१.

अरीनावर (मॅजिकच्या ऑनलाइन रूपात) प्रीमियर ड्राफ्टमध्ये मात्र प्रतिस्पर्धी तुमच्या मेजावरचे असतीलच असं नाही, त्यामुळे 'मला नको पण त्याला मिळू नये' म्हणून पत्ता उचलण्यात अर्थ नाही.

आणि १७लँड्स या ड्राफ्टचे आकडे जमवणाऱ्या संकेतस्थळाची टक्केवारी समोर ठेवून ड्राफ्ट करणाऱ्यांसाठी : पत्ता हातात आला त्या डावांतला विजयाचा आकडा त्या पत्त्याचा एकट्याचा नसतो, त्याच्याभोवतीच्या डेकाचाही असतो. शिवाय सगळे तोच तक्ता बघून एकाच रंगामागे धावले की तो रंग मेजावर उरतच नाही.

दोन बेटं
थोडं अवांतर. मूळ लेखात १७ लँड अगदी गृहीत धरलेत. कर्व खाली असेल तर १६ चालत नाहीत का?

कर्ववाला
चालतात, पण फुकट नाही. पहिल्या सात पत्त्यांत शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता १७ ला साधारण १०.५ टक्के, १६ ला १३.४. अरीनावर एका डावाच्या सामन्यात सुरुवातीचा हात लँडच्या प्रमाणाकडे थोडा झुकवून देतात, त्यामुळे तिथे १६ खपून जातात. मेजावर खेळताना मी नाही धाडस करत.

नववं पिक
मूळ मुद्द्यावर येऊ. कर्ववाले, दुसऱ्या पॅकच्या पहिल्याच पिकाला तिसऱ्या रंगाचा बॉम्ब (एकट्याने डाव फिरवणारा पत्ता) आला तर? तुमच्या नियमाने सोडायचा?

कर्ववाला
उचलेन. पण रंग बदलणार नाही, जमलं तर स्प्लॅश, म्हणजे मोजक्या लँडवर तिसऱ्या रंगाचा एखादाच पत्ता. १७ पैकी तीन लँड त्या रंगाचे ठेवले, तर पहिल्यांदा खेळताना सातव्या टर्नपर्यंत त्यातलं किमान एक दिसण्याची शक्यता ७० टक्के. पत्त्याच्या मॅना-किमतीत त्या रंगाची दोन चिन्हं असतील तर किमान दोन लँड लागतात आणि ती शक्यता २४ टक्क्यांवर घसरते. तसला बॉम्ब बाकावरच.

नववं पिक
बघा, इथेच आपलं बिनसतं. दोन चिन्हांचा बॉम्ब असेल तर मी माझा दुबळा रंग सोडून त्या रंगात जाईन. पहिल्या पॅकात त्या दुबळ्या रंगाचे चार पत्ते जमलेत म्हणून त्याच्याशी लग्न लागलेलं नाही. अजून दोन डझनांहून जास्त पिकं बाकी आहेत.

कर्ववाला
आणि दुसऱ्या पॅकात तो रंग डावीकडून आलाच नाही तर? पहिल्या पॅकात तुम्हीच तो त्याच्याकडे ढकललेला आहे.

नववं पिक
ढकललाय की नाही, हे मला आठवत असतं. तेवढं लक्षात ठेवणं म्हणजेच ओपन राहणं.

दोन बेटं
मला तर मागच्या पिकाला काय सोडलं तेही आठवत नाही. मी कर्ववाल्यांच्या बाजूने. (ह. घ्या.)