चावीचा शत्रू: चावी आपोआप संपावी, की डोक्यावर उडी पडल्यावरच थांबावा?

टिकटिकराव

प्लॅटफॉर्म गेममधला (उड्या मारत पुढे जायच्या गेममधला) चावीचा शत्रू, म्हणजे चावी भरलेल्या खेळण्यासारखा चालणारा शत्रू, म्हटलं की 'सुपर मारिओ वर्ल्ड' (१९९०) मधला मेकाकूपा आठवतो. पाठीला चावी, तुरुतुरु चाल, डोक्यावर उडी पडली की गप्प. थोड्या वेळाने थरथरतो आणि पुन्हा चालू लागतो. मधल्या वेळात त्याला उचलून फेकता येतं. शेवटच्या लढाईत खलनायक बाउझर आपल्या उडत्या गाडीतून मेकाकूपा खाली टाकतो आणि आपण तेच वरचं बटण दाबून त्याच्या डोक्यावर फेकायचे. तीन टप्पे, प्रत्येकी दोन फटके. दुसरा इलाजच नाही.

शत्रू उत्तमच आहे, पण त्याची चावी शोभेची आहे. ती कधी संपतच नाही. माझं म्हणणं, आपण चावीचा शत्रू बनवत असू तर स्प्रिंग खरोखर उतरली पाहिजे. १६ पिक्सेलची टाइल (पातळी ज्या चौकोनांची बनते त्यातला एक) धरा. सुरुवातीचा वेग सेकंदाला ३२ पिक्सेल, ८ सेकंदांत सरळ रेषेत शून्यावर. म्हणजे एकूण १२८ पिक्सेल, ८ टाइल. त्यापुढे तो पोचतच नाही, आणि हे चावीकडे बघून समजतं. थांबला की त्याच्यावर उभं राहा, उचला, चावी भरून दुसरीकडे सोडा. धोका आणि अवजार एकाच वस्तूत.

माहीमचा_प्रोग्रॅमर

अजिबात सहमत नाही. उडी मारणाऱ्याला शत्रू कुठे *असेल* हे कळावं लागतं, आणि त्यासाठी वेग ठरलेला हवा. उडी वर जाऊन खाली यायला साधारण ४० टिक लागतात असं धरा (टिक म्हणजे गेमच्या घड्याळाचा एक ठोका, ६० टिकचा सेकंद). तुमचा शत्रू सुरुवातीला तेवढ्या वेळात २० पिक्सेल सरकेल. सातव्या सेकंदाला त्याचा वेग ४ वर आलेला असेल, तेव्हा जेमतेम २ सरकेल. शत्रूची रुंदी १६. म्हणजे तीच उडी एकदा डोक्यावर बसणार आणि एकदा पुढ्यात पडून जीव जाणार. खेळणारा स्वतःला दोष देणार नाही, गेमला देईल, आणि ते बरोबरच असेल.

दुसरं, जो शत्रू आपोआप थांबतो त्याच्याशी कोणी लढत नाही. लोक कोपऱ्यात उभे राहून ८ सेकंद मोजतात. मेकाकूपाला थांबवायला पुढे जावं लागतं, आणि थांबवल्यावर घाई करावी लागते कारण तो उठणार असतो. सगळी गंमत या क्रमात आहे. तुम्ही तो क्रमच उलटा करताय.

पितळी_चक्र

खऱ्या खेळण्यात सरळ रेषा नसतेच. पूर्ण गुंडाळलेल्या स्प्रिंगचा जोर सुरुवातीला जास्त असतो, मधे बराच वेळ जवळजवळ सपाट राहतो आणि शेवटी झपकन उतरतो. त्यातून चांगल्या खेळण्यात वेग आवरायला गव्हर्नर असतो: फिरता पंखा, नाहीतर बाहेर फेकली जाणारी छोटी वजनं. छोट्या चालत्या खेळण्यांत दातेरी चाकाला अडत-सुटत हलणारी एक पट्टी असते, तो घर्रर्र आवाज तिचाच. या आवरण्यामुळे खेळणं बराच वेळ एकाच चालीने जातं, मग दोन-चार पावलं रखडतं आणि थांबतं. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जुनी पत्र्याची खेळणी मिळतात, त्यातलं एखादं चालवून बघा. मात्र जुनं ग्रीस घट्ट झालं असेल तर आधी ते काढावं लागेल, नाहीतर चाल खोटी दिसेल.

तेव्हा स्थिर वेग हवा असेल तर खेळण्याशी बेइमानी करावी लागत नाही. आणखी एक: साध्या यंत्रात चावी स्प्रिंगच्या दांड्यावरच बसलेली असते, म्हणून खेळणं चालताना ती भरण्याच्या उलट दिशेने फिरते. चालताना आणि भरताना एकच ॲनिमेशन वापरू नका.

पिक्सेलताई

आकडे बदला. सेकंदाला ३२ पिक्सेल म्हणजे १.८७५ टिकला एक पिक्सेल, चाल अडखळत दिसणार. ३० ठेवा: बरोबर दर २ टिकला एक. हळू चाल १५: दर ४ टिकला एक. यांच्या मधला वेग नकोच. आणि स्प्रिंग सेकंदांत न मोजता पिक्सेलमध्ये मोजा. ९६ पिक्सेल जलद (६ टाइल, १९२ टिक), ३२ पिक्सेल हळू (२ टाइल, १२८ टिक), मग ठप्प. टाइल त्याच ८. ४० टिकांच्या उडीपुरते लक्षात ठेवायचे आकडे दोनच: जलद चालीत तो २० पिक्सेल सरकतो, हळू चालीत १०.

आता चावी. ती बाजूला, म्हणजे आपल्या समोर काढली असेल तर शत्रू वळताना चित्र आडवं उलटवलं की चावीची दिशाही उलटते, आणि अर्धा वेळ ती 'भरली जातेय' असं दिसतं. म्हणून चावी वेगळा स्प्राइट (सुटं चित्र) करा आणि तो उलटवू नका. दोन पंखांच्या चावीला ० आणि ९० अंशाच्या दोनच फ्रेम दिल्या तर ती कुठे फिरतेय हे कळतच नाही. ४५-४५ अंशाने चार फ्रेम हव्यात. जलद चालीत एक फ्रेम ४ टिक, हळू चालीत ८.

चावी पाठीमागे काढलीत तर हा घोळ नाही, पण तिथे ती ५ पिक्सेल बाहेर येते. तिला टक्कर देऊ नका. इजा करणारा चौकोन धडापुरता, १२ पिक्सेल रुंद. मागून उडी मारताना चावीला नुसता स्पर्श होऊन मरणं कोणालाच पटत नाही.

टिकटिकराव

३० आणि १५ मान्य, पिक्सेलमध्ये मोजणंही मान्य. पण माहीमकर, 'लोक नुसते थांबून राहतील' हे पातळीच्या मांडणीवर आहे. कठडा पाचव्या टाइलच्या वर ठेवा, इतका उंच की थांबलेल्या शत्रूच्या पाठीवरून उडी मारली तरच हात पोचेल. नुसते बघत बसलात तर तो आठव्या टाइलवर जाऊन थांबणार, म्हणजे शिडी गेली. पाचव्यावर हवा असेल तर पुढे जाऊन तिथेच उडी मारून थांबवा, किंवा उचलून तीन टाइल मागून सोडा. वाट बघण्याची किंमत लागते, मग कोणी वाट बघत नाही.

माहीमचा_प्रोग्रॅमर

ही मांडणी चांगली आहे, पण ती एका खोलीपुरती. वीस खोल्यांत हाच शत्रू वापरायचा तर प्रत्येक ठिकाणी 'आधीच संपलेला' शत्रू सांभाळावा लागेल. पातळी सुरू होताच सगळ्यांच्या चाव्या सुटल्या तर लांबचे शत्रू खेळणारा पोचेपर्यंत मेलेले असतील. म्हणून पडद्याबाहेर त्यांना गोठवा. गोडो या गेम इंजिनमध्ये त्यासाठी व्हिजिबल-ऑन-स्क्रीन-एनेबलर नोड आहे. त्याचा मूळ चौकोन २० बाय २० आहे, तो दोन्ही बाजूंना एकेक टाइल वाढवा. नाहीतर शत्रू अर्धा दिसल्यावर हलायला लागतो.

थांबल्यावर इजा करणारा एरिया बंद करताना तो टकरीच्या सिग्नलमधूनच थेट बंद केला तर इंजिन त्रुटी देतं. सेट-डिफर्ड वापरा, म्हणजे बदल लगेच न होता थोडा पुढे ढकलला जातो. आणि मोजणी फिजिक्स टिकमध्येच (ठरलेल्या गतीच्या ठोक्यातच) ठेवा. साध्या प्रोसेसमध्ये, म्हणजे पडद्याच्या गतीने चालणाऱ्या कोडमध्ये, दर फ्रेमला एक वजा केलंत तर १२० हर्ट्झच्या फोनवर स्प्रिंग निम्म्या वेळात उतरेल.

एवढं सगळं करून जे मिळतं ते उडी मारून थांबणाऱ्या शत्रूत फुकट मिळतं. 'सुपर मारिओ मेकर २' ला एप्रिल २०२० च्या अपडेटमध्ये मेकाकूपा आला तो तीन प्रकारांत: साधा, क्षेपणास्त्र सोडणारा आणि विजेचा झोत सोडणारा. हत्यारं वाढवली, पण आपोआप संपणारी चावी तिथेही दिली नाही. पातळी बनवणाऱ्याला शत्रू कुठे असेल हे आधी कळावं लागतं.

विरार_फास्ट

फोनवरचं कोणीच धरलेलं नाही. लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने, आवाज बंद करून खेळणारे आपले गिऱ्हाईक आहेत. टिकटिक मंदावली हे त्यांना ऐकूच येणार नाही. म्हणून आवाज जोडीला ठेवा, त्याच्यावर विसंबू नका. मधेच फोन येतो, स्टेशन येतं, गेम मागे जातो. परत आल्यावर लगेच चालू करू नका, आधी एक स्पर्श मागा, नाहीतर डोळा पडद्यावर यायच्या आतच चार टाइल निघून गेलेल्या असतील.

आणि 'वरचं बटण दाबून फेका' हे काचेवर जमत नाही. अंगठा सरकवताना 'वर' आणि 'पुढे' यांत गफलत होते. फोनवर एकच फेक ठेवा, पुढे आणि थोडी वर.

पितळी_चक्र

भिंतीला अडल्यावर काय, हे ठरवा. खरं खेळणं भिंतीला टेकून जागच्या जागी पाय आपटतं आणि चावी उतरतच राहते. पिक्सेलमध्ये मोजलं तर अडलेल्याची स्प्रिंग जशीच्या तशी राहील. मी म्हणेन, अडलेला असताना दर २ टिकला एक पिक्सेल खर्ची टाका. मग शत्रूला पेटीआड कोंडून रिकामा करता येईल.

टिकटिकराव

हे घेतलं. पेटीआड कोंडणं हा दुसऱ्या खोलीचा धडा होऊ शकतो.

माहीमचा_प्रोग्रॅमर

घ्या, पण चाचणी नीट करा. दोन्ही शत्रू एकाच आठ टाइलच्या खोलीत ठेवा, खेळणाऱ्यांना काही सांगू नका, आणि पहिला जीव कशाने जातो ते नोंदवा. चावीवाल्यात हळू चालीवर उडी हुकून जास्त जण मेले तर हळू टप्पा काढून टाका. जलद चाल, मग थेट ठप्प.

पिक्सेलताई

तसं केलंत तर थांबण्याची सूचना कुठेतरी द्यावीच लागेल. शेवटच्या ३० टिकांत धड एक पिक्सेल डावी-उजवीकडे हलवा. आणि थांबताना चावी नेहमी आडव्या फ्रेमवरच थांबू द्या. चालू शत्रूची चावी फिरती, बंद शत्रूची आडवी, हे दोन खोल्यांत पाठ होतं.