उसिक म्हातारा झाला का? इटाऊमा त्याला पाडेल?

रावेरचा केळीवाला:
आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीची, त्यामुळे केळीला पाणी सोडलं की बांधावर बसून मोबाईलवर बॉक्सिंग बघतो. तर माझं म्हणणं, युक्रेनचा हेवीवेट बॉक्सर उसिक, त्याला म्हातारा ठरवायची घाई करू नका. 1987 चा जन्म, मान्य. पण जुलै 2025 ला वेम्बलीत डॅनियल डुबॉइसला पाचव्या राउंडला झोपवला तेव्हा हा 38 चा अन तो 27 चा होता. आता सगळे ब्रिटिश हेवीवेट मोझेस इटाऊमाच्या नावाने नाचून राहिले. पोरगं डिसेंबर 2004 चं, डिलियन व्हाइटला पहिल्याच राउंडला संपवलं, भारीच, पण व्हाइट म्हणजे उसिक नाही ना भो. पॉइंटवर आरामात हरवेल उसिक.

धुळेकर बापू:
जवळपास 18 वर्षांचं अंतर आहे भाऊ! मोहम्मद अलीचं विसरला का? 1980 ला लॅरी होम्सने, जो त्याचाच जुना स्पारिंग पार्टनर (सरावातला जोडीदार), दहा राउंड असा हाणला की अलीच्या कोपऱ्यातल्या त्याच्याच माणसांनी फाइट थांबवली. अली तेव्हा 38 चा. अन तोच होम्स 1988 ला 38 चा असताना 21 च्या माइक टायसनने चौथ्या राउंडला आडवा केला. मले तर 38 आकडाच पनवती दिसतो.

अमळनेरकर:
मग जॉर्ज फोरमन? 1994, वय 45, समोर 26 चा मायकल मूरर. दहाव्या राउंडला एक उजवा बसला अन खेळ खल्लास. वयबिय काही नसतं.

पारोळ्याचा माजी पैलवान:
फोरमन इथे लागूच होत नाही. त्या रात्री तिन्ही जजच्या पॉइंटच्या कार्डवर तो मागे होता, हातात वजन शिल्लक होतं म्हणून वाचला. जत्रेच्या फडात आम्ही हेच बघितलंय, पन्नाशीच्या पैलवानाने मनगट धरलं की पोराला सुटता येत नाही, पण पोरगं हाताला न लागता गोल फिरवायला लागलं की वस्ताद पाच मिनिटात धापा टाकतो. आधी पाय जातात, ताकद सगळ्यात शेवटी. अन उसिकचा सगळा धंदा पायावर! टायसन फ्युरी त्याच्यापेक्षा कितीतरी जड, तरी 2024 ला दोनदा हरला कारण उसिक एका जागी सापडतच नाही. तोच पाय अर्धा पाऊल उशिरा पडला तर? वर इटाऊमा पण डावखुराच, म्हणजे उलट्या हाताचा फायदा पण गेला.

रावेरचा केळीवाला:
पायाचं पटलं राव. पण पाय गेलेत असं दिसतंय कुठे? फ्युरीसोबत दोन्ही वेळा पूर्ण बारा राउंड, पहिल्या फाइटला तर नवव्यात फ्युरीच दोऱ्यांवर लोंबकळत होता. पोराच्या दमाची अशी परीक्षा कोणी घेतलीय?

अमळनेरकर:
58 च्या माइक टायसनने पण यूट्यूबवाल्या जेक पॉलसमोर आठ राउंड काढले की 😄

धुळेकर बापू:
दोन-दोन मिनिटाचे राउंड, तो तमाशा होता, त्याला मोजू नको. व्लादिमिर क्लिच्को बघ, 2017, वय 41. सहाव्या राउंडला 27 च्या अँथनी जोशुआला पाडला, मी घरात ओरडून सगळ्यांना उठवलं, अन अकराव्याला स्वतःच गेला. पाडायला जमतं रे, पण पोरगं उठून परत येतं त्याचं काय करणार?

रावेरचा केळीवाला:
तो 41 चा होता बापू. उसिक 41 चा होऊ द्या, मग मीच तुमच्या बाजूने भांडतो. चला, लाईट गेली, मोटर बंद पडली.