‘उपयुक्ततावाद’ आत्तीला खटकला

शहापूरची:
कॉलेजच्या वादसभेसाठी बेंथम आणि मिल या इंग्रज तत्त्वज्ञांवरचं टिपण मराठीत आणतेय. ‘युटिलिटेरियनिझम’ला, म्हणजे ज्यात जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख ते योग्य या त्यांच्या मताला, कोशातला ‘उपयुक्ततावाद’ घातला. आत्तीला वाचून दाखवलं, तर तांदूळ निवडता निवडता तिचा हात सुपातच थांबला. “म्हणजे उपेगाचा तेवढाच माणूस होय? मग आमचं काय?” कंबर धरल्यापासून तिचं शेत सुटलंय. आमच्याकडे थकलेल्या बैलाला ‘बिनउपेगाचा’ म्हणतात. बेंथम तर सुखाचं माप घेत होता, माणूस कामाचा आहे का याचं नव्हे. दुसरा शब्द आहे का?

कडोलीकर मास्तर:
शब्द रूढ आहे, पाठ्यपुस्तकांत आहे. पारिभाषिक शब्दाचा अर्थ व्याख्येवरून घ्यायचा असतो. बोलीत काय ऐकू येतं त्यावरून बदलत बसलो तर एकही संज्ञा टिकणार नाही.

निपाणीकर:
सर, आत्तींची तक्रार खुद्द बेंथमचीही होती. १७८९ च्या ग्रंथाला त्याने १८२२ साली टीप जोडली, की ‘युटिलिटी’ म्हटल्यावर सुखदुःख मनात येत नाही, ‘हॅपिनेस’ म्हटल्यावर येतं. शब्द इंग्रजीतच अडला होता, आपण तो अडलेलाच उचलला. गीतारहस्यात टिळक ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ म्हणतात. याहून सरळ मराठी मला सुचत नाही.

खानापूरकर:
‘पुष्कळ’ म्हणजे भरपूर, ‘जास्तीत जास्त’ नव्हे. शिवाय टिळकांनी हे तत्त्व खोडून काढलंय. कौरवांचं सैन्य अकरा अक्षौहिणी, पांडवांचं सात. डोकी मोजायची तर न्याय कौरवांच्या पदरात. आमचं दीड एकर बायपासात गेलं तेव्हा मी हेच ऐकलं, “एवढ्या गाड्यांची सोय होते, तुम्ही चार घरं.” बासमतीचं रान होतं ते. भात पोसवलं की बांधापर्यंत वास यायचा. त्या हिशेबाला सुख म्हणू नका, ‘सोयवाद’ म्हणा.

शहापूरची:
दादा, वाचून वाईट वाटलं. पण मिलने बेंथमचं सूत्र दिलंय: प्रत्येकजण एक धरायचा, कुणीही एकाहून जास्त नाही. त्या बेरजेत तुमच्या चार घरांचं दुःखही मांडायलाच हवं होतं.

खानापूरकर:
मांडणारा कोण, ताई? पंचनाम्यात झाडं मोजली, विहीर मोजली. वासाला रकाना नव्हता.

कडोलीकर मास्तर:
जमिनीचं दुःख मी जाणतो, पण ‘सोयवाद’ नको. सोय आज असते, उद्या नसते. हवं तर ‘बहुजनसुखवाद’ घ्या. ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे बुद्धवचन आहे, आणि त्यात हित आधी, सुख नंतर.

निपाणीकर:
आज ‘बहुजन’ म्हटलं की वाचक समाज आणि राजकारणाकडे वळतो, सर. तत्त्वज्ञान बाजूला राहील.

टिळकवाडीची:
मला मुळात ‘उपेग’ खटकतो. कन्नडच्या शेजारामुळे झालेलं रूप ना हे? लिहिताना ‘उपयोग’च हवा.

खानापूरकर:
कन्नडचा काय संबंध? कोल्हापूर-साताऱ्याकडेही सर्रास ‘उपेग’ म्हणतात. ‘उपयोग’च तोंडात बसून गुळगुळीत झालाय. आणि आमची आजी तो माणसांसाठीच वापरायची. माझ्या जन्माच्या वेळी पूर आला, गाडी मिळेना, तेव्हा शेजारीण रात्रभर बसली. आजी शेवटपर्यंत म्हणायची, “ती उपेगाला आली.” यात बैल कुठं आला?

टिळकवाडीची:
‘उपेगाला येणे’ वेगळं, ‘उपेगाचा असणे’ वेगळं. पहिल्यात उपकाराची आठवण आहे, दुसऱ्यात किंमत ठरवणं.

निपाणीकर:
हा फरक टिपून ठेवावा असा आहे. आमच्याकडे ‘सोय जाणे तो सोयरा’ही याच अंगाने म्हणतात. ‘सोयरा’ हा ‘सोय’वरूनच आला असणार.

कडोलीकर मास्तर:
ती म्हण आहे, व्युत्पत्ती नव्हे. यमक जुळलं म्हणून मूळ सापडत नाही.

शहापूरची:
टिपण परवा द्यायचंय. तूर्त ‘उपयुक्ततावाद’ ठेवून पहिल्याच ओळीत ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ लिहिते. आत्ती विचारतेय, खानापूरकरांची ती शेजारीण कुठल्या गावची?