मदत हवी आहे : टॉन्सिलची शस्त्रक्रिया सहलीआधी करावी की नंतर?

नमस्कार. माझे वय ३८ असून दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात मी शेती करतो. वर्षभरात सहा वेळा टॉन्सिल सुजून ताप आणि गिळताना कानापर्यंत जाणारी कळ सोसल्यावर, यवतमाळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी ते काढून टाकण्याचा सल्ला दिला आहे. मात्र कापसाचा पहिला वेचा आटोपून २० दिवसांनी आम्ही सहकुटुंब कोकणात जाणार आहोत. मोठ्या माणसाला सावरायला १० ते १४ दिवस लागतात, आणि साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान खपली सुटताना रक्तस्राव होऊ शकतो, असे समजले. मला तर सहल पुढे ढकलणेच बरे वाटते. घरचे ऐकत नाहीत. मोठेपणी ही शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांनी कृपया सांगावे : लांबचा प्रवास कितव्या दिवशी झेपला, आणि (वऱ्हाडी माणसाची खरी चिंता) ठेचा-भाकर केव्हा खाता आली?