पहिलाच संशोधन प्रकल्प : बीपीच्या ओपीडीत अभ्यास करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

दुसरंवर्ष_परळ

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुंबईत महापालिकेच्या कॉलेजात. मेडिसिनच्या एक मॅडम गाईड व्हायला तयार आहेत. विषय साधारण असा धरला आहे : उच्च रक्तदाबाचे उपचार घेणाऱ्या रुग्णांचं ज्ञान, दृष्टिकोन, गोळ्यांचा नियमितपणा, आहार आणि रक्तदाबाचं नियंत्रण. आयसीएमआरच्या एसटीएस या विद्यार्थ्यांसाठीच्या छोट्या संशोधन योजनेसारखा, दोन महिन्यांत बसेल असा हवा आहे.

सीनियर म्हणतात, शंभर रुग्ण घे, पुरे. ते बरोबर आहे का? नियमितपणासाठी मॉरिस्कीची आठ प्रश्नांची प्रश्नावली चालेल का? आणि एथिक्स कमिटीकडे (संशोधनाला नैतिक मंजुरी देणारी समिती) नेमकं काय काय द्यावं लागतं? आधी कधीच केलेलं नाही, म्हणून अगदी पायरीपायरीने सांगितलंत तर बरं होईल.

पीएसएम_शिक्षिका

तुझ्या विषयात पाच विषय आहेत. दोन महिन्यांत एक होतो. ज्ञान, दृष्टिकोन आणि आहार काढून टाक. 'बीपी वाढलं तर काय होतं' याची उत्तरं मोजून कुणाच्या उपचारात फरक पडत नाही. उरलेला प्रश्न एका वाक्यात लिही : 'आमच्या ओपीडीत किमान सहा महिने गोळ्या घेत असलेल्या प्रौढ रुग्णांपैकी किती टक्क्यांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे?' हा मुख्य हेतू. गोळ्या चुकवण्याशी त्याचा संबंध हा दुय्यम. झालं.

मग लगेच प्रश्नावली करायला बसू नकोस. आधी निकालाचे कोरे तक्ते आख. तक्ता १ : वय, लिंग, किती वर्षं आजार, किती गोळ्या. तक्ता २ : नियंत्रण आहे / नाही. तक्ता ३ : गोळ्या चुकवणारे विरुद्ध न चुकवणारे. ज्या प्रश्नाचं उत्तर यातल्या एकाही चौकटीत जात नाही, तो प्रश्न प्रोफॉर्मातून (प्रत्येक रुग्णाची माहिती भरायचा छापील नमुना) काढायचा. चार पानी प्रोफॉर्मा दीड पानावर येतो.

मॉरिस्कीची आठ प्रश्नांची प्रश्नावली परवाना घेऊन, पैसे भरून वापरावी लागते. परवान्याविना वापरल्यामुळे छापून आलेले लेख मागे घ्यायची वेळ लोकांवर आली आहे. तुझ्या कामाला साधे प्रश्न पुरतात. 'गोळ्या नियमित घेता ना?' असं विचारलंस की सगळे 'हो' म्हणणार. त्याऐवजी : 'गोळी राहून जाणं सगळ्यांचंच होतं. मागच्या ७ दिवसांत किती दिवस राहिली?' आणि शेजारी केस पेपरवरच्या तारखा बघ : गोळ्या किती दिवसांच्या दिल्या होत्या आणि रुग्ण परत कधी आला. ३० दिवसांच्या गोळ्या नेलेला माणूस ५० व्या दिवशी आला, तर मधल्या २० दिवसांचं काय, हे विचारता येतं. बाहेरच्या दुकानातून घेतल्या असतील, तेही नोंद.

आता रक्तदाब मोजणं. सगळा अभ्यास या एका आकड्यावर उभा आहे आणि पहिल्या प्रकल्पात सर्वांत जास्त हलगर्जी इथेच होते. ओपीडीतल्या घाईत घेतलेला, केस पेपरवर लिहिलेला आकडा वापरू नकोस, स्वतः मोज.

दंडावर बांधायचं, प्रमाणित केलेलं डिजिटल यंत्र घे. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या मधोमध टेपने दंडाचा घेर माप. बहुतेक कंपन्यांचा मध्यम कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) २२ ते ३२ सेंटिमीटरला, मोठा ३२ ते ४२ ला असतो. कफवर छापलेलं वाच. जाड दंडाला छोटा कफ बांधला की रक्तदाब खोटा जास्त येतो. दोन्ही कफ जवळ हवेतच.

रुग्ण ५ मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसलेला हवा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री नको. लघवीला जाऊन आलेला असावा. दंड हृदयाच्या पातळीला, टेबलावर. हात १० सेंटिमीटर खाली लोंबकळत असेल तर आकडा ७-८ ने वाढतो. ब्लाउजची घट्ट बाही वर गुंडाळून त्याखाली कफ बांधू नका, दंड आवळला जातो; बाही सैल करता येत नसेल तर पडद्याची सोय आणि सोबत महिला सहकारी, हे आधीच ठरवा. १ मिनिटाच्या अंतराने तीन वेळा मोजून पहिला आकडा सोडायचा, उरलेल्या दोघांची सरासरी धरायची. नाडी अनियमित लागली तर डिजिटल यंत्रावर विसंबता येत नाही. अशा रुग्णांना वगळण्याचा निकष प्रोटोकॉलमध्ये (अभ्यासाचा लेखी आराखडा) आधीच लिहून ठेव.

आणि एक प्रश्न विसरू नकोस : 'आज सकाळची गोळी घेतली का, किती वाजता?' साखरेची तपासणी उपाशीपोटी करायची म्हणून बरेच रुग्ण त्या सकाळी बीपीची गोळीही घेत नाहीत. हे नोंदवलं नाही, तर नियमित गोळी घेणारा माणूस तुझ्या तक्त्यात 'नियंत्रण नाही' मध्ये जाऊन बसतो.

आकडेमोड_दादर

शंभर पुरे का, याचं उत्तर प्रश्नावर अवलंबून आहे. टक्केवारी काढायची असेल तर सूत्र : १.९६ चा वर्ग × प × (१ − प) ÷ चुकीच्या मर्यादेचा (उत्तर किती टक्के इकडेतिकडे चालेल ती मर्यादा) वर्ग. 'प' म्हणजे अपेक्षित प्रमाण. ते तुमच्यासारख्याच ओपीडीतल्या आधीच्या अभ्यासातून घ्या. नाही मिळालं तर ०.५ धरा. मर्यादा १० टक्के ठेवली तर ९७ रुग्ण लागतात, ५ टक्के ठेवली तर ३८५. काही जण नकार देतील, काहींची माहिती अर्धवट राहील. १० टक्के धरून ९७ ला ०.९ ने भागा, १०८ येतात. म्हणजे सीनियरचा शंभर मुख्य हेतूपुरता जवळपास ठीक आहे, पण प्रोटोकॉलमध्ये हे गणित दिसलं पाहिजे.

दुय्यम हेतूला मात्र तेवढे पुरत नाहीत. समजा ९७ पैकी ३० जण गोळ्या चुकवतात आणि त्यांतल्या १२ जणांचा रक्तदाब आटोक्यात आहे, म्हणजे ४० टक्के. उरलेल्या ६७ मध्ये ४०, म्हणजे ६० टक्के. फरक २० टक्क्यांचा, दिसायला मोठा. पण त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरा फरक जिथे असू शकतो तो पट्टा) साधारण उणे १ ते अधिक ४१ येते, म्हणजे फरक शून्यही असू शकतो. एवढाच फरक ८० टक्के पॉवरने (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) पकडायचा तर दोन्ही गटांत प्रत्येकी शंभराच्या आसपास माणसं लागतात. म्हणून दुय्यम निकाल 'प्राथमिक अंदाज' म्हणूनच मांडा, फक्त पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक दिसण्याची शक्यता) देऊ नका, विश्वासमर्यादा द्या. 'गोळ्या चुकवल्यामुळे नियंत्रण गेलं' असंही लिहू नका. एकाच वेळी दोन्ही मोजल्यावर कारण सिद्ध होत नाही.

अजून एक. उपचार सोडून दिलेला माणूस ओपीडीत येतच नाही. त्यामुळे तुमची टक्केवारी ओपीडीत येणाऱ्यांची आहे, परळची किंवा मुंबईची नाही. शीर्षकातच 'ओपीडीत येणाऱ्या रुग्णांमध्ये' लिहा.

माहिती भरताना एका रुग्णाला एक ओळ. वरचा आणि खालचा आकडा वेगळ्या रकान्यांत. '१३०/८०' असं एकत्र टाकलं की एक्सेल ते मजकूर समजतं, सरासरी निघत नाही. न मिळालेल्या माहितीच्या जागी शून्य घालू नका, रकाना रिकामा ठेवा. मूळ फाइल जशीच्या तशी जपून प्रतीवर काम करा. विश्लेषणाला जमोव्ही हे सॉफ्टवेअर पुरतं, ते फुकट आहे. पहिल्या ३० रुग्णांनंतर शेवटचे अंक मोजून बघा : डिजिटल यंत्रावर ० ते ९ प्रत्येक अंक साधारण दहा टक्के वेळा यायला हवा. निम्मे आकडे शून्यावर संपत असतील, तर कुणीतरी यंत्र न वाचता लिहितंय.

दुसरंवर्ष_परळ

मॅडम, सर, खूप आभार. तीनदा मोजायचं आणि ५ मिनिटं बसवायचं म्हटलं तर दिवसाला किती रुग्ण होतील? आणि एथिक्स कमिटीचं?

आयईसी_सदस्य

कमिटीचं आधी, कारण वेळ तिथे जातो. मंजुरीपूर्वी एकाही रुग्णाची माहिती घ्यायची नाही. मागाहून मंजुरी मिळत नाही. पायलटसुद्धा (आधी थोड्या रुग्णांवर करून बघायची चाचणी) मंजुरीनंतरच. कमिटीची पुढची बैठक कधी आणि कागद किती दिवस आधी द्यायचे, हे सचिवालयात आजच विचारा आणि तिथून उलटं वेळापत्रक आखा.

सोबत लागतं ते : प्रोटोकॉल, प्रोफॉर्मा, माहितीपत्रक आणि संमतिपत्र (मराठी, हिंदी, इंग्रजी), गाईड आणि विभागप्रमुखांच्या सह्या. संस्थेचा स्वतःचा नमुना असतो, तोच भरा. अभ्यास परत पाठवला जातो तो बहुधा माहितीपत्रकामुळे. इंग्रजीवरून शब्दाला शब्द लावलेलं मराठी रुग्णाला कळत नाही. लिहून झालं की वैद्यकीय नसलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचायला द्या आणि 'तुम्हाला काय करायला सांगितलंय?' असं विचारा. 'नाही म्हटलंत तरी उपचारात फरक पडणार नाही' हे वाक्य हवंच. वाचता न येणाऱ्यासाठी अंगठा आणि अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार.

नाव आणि केस पेपर नंबर प्रोफॉर्मावर नको. प्रोफॉर्मावर फक्त सांकेतिक क्रमांक. नाव जोडणारी यादी वेगळी, गाईडच्या कुलुपात. व्हॉट्सॲपवर केस पेपरचे फोटो पाठवणं पूर्ण बंद.

रक्तदाब १८०/११० किंवा जास्त निघाला तर काय, हे प्रोटोकॉलमध्ये लिहा : त्याच दिवशी ओपीडीतल्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जायचं, छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं, दृष्टी धूसर असेल तर थेट कॅज्युअल्टी. गोळीचा डोस बदलण्याचा सल्ला विद्यार्थ्याने द्यायचा नाही.

इंटर्न_सायन

दिवसाला पाच धर. संमती, बसवणं, तीन मोजण्या, प्रश्न मिळून एका रुग्णाला २५ मिनिटं सहज जातात. १०८ साठी २२ ओपीडी दिवस. बीपीची ओपीडी रोज नसेल तर दोन महिने निसटतात, म्हणून आधी वेळापत्रक बघ. जुलै-ऑगस्टच्या धो धो पावसात आणि गणपतीत गर्दी घटते, तेही धर.

डॉक्टरांना दाखवायच्या आधी, नंबर लागायची वाट बघत बसलेल्या रुग्णांना भेट. तपासून झालं की माणूस औषधांच्या खिडकीकडे पळतो. कल्याण-विरारला परत जाणाऱ्याला तेव्हा थांबवलंस तर उत्तरं उरकून टाकतो. त्याचा नंबर जाणार नाही हे बाहेरच्या सिस्टरांना आणि मामांना (वॉर्डबॉयना) सांगून ठेव. त्यांनी हाक मारली की मुलाखत तिथेच थांबव, नंतर पूर्ण कर.

बोलके रुग्ण निवडू नकोस. रजिस्टरच्या क्रमाने निकषात बसणारा पुढचा रुग्ण घे. नकार दिला तर एका वहीत तारीख, वय, लिंग आणि त्याने आपणहून सांगितलं तर कारण लिही, नाव नको. किती जणांना विचारलं आणि किती आले, हा आकडा लेख तपासणारे पहिल्यांदा मागतात, आणि नंतर तो कुठूनही काढता येत नाही. यंत्राचे सेल दर सोमवारी बदल.